वाचकांचे प्रश्न : सी भाषेशी पहिली झटापट

सी भाषा शिकू लागलेल्या वाचकांची पत्रे या वेळी मराठवाड्यातून बरीच आली. त्यांपैकी पुष्कळ पत्रांत ‘प्रोग्राम चालत नाही’ एवढेच लिहिलेले असते, आणि उत्तर देणाऱ्याची पंचाईत तेथूनच सुरू होते. तुम्ही लिहिलेला मजकूर आधी कंपाइलर वाचतो आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. मग लिंकर ते रूपांतर आणि तयार लायब्रऱ्या यांची जोडणी करून चालवण्याजोगी फाइल बनवतो. त्यानंतर ती फाइल चालते. गाडी या तिहींपैकी कोणत्या टप्प्यावर अडली, हे आधी ठरवल्याखेरीज दुरुस्तीला हात घालू नये. पुढील उत्तरांचा रोख तोच आहे. आज्ञा आणि फंक्शनांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत; संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

प्रश्न : वर्गातील नोट्सच्या पीडीएफमधून एक प्रोग्राम जसाच्या तसा उचलून मी संगणकावर चिकटवला. प्रोग्राम तीस ओळींचाही नाही, पण कंपाइलर चुकांची मोठी यादी दाखवतो. त्या कोणत्या क्रमाने दुरुस्त कराव्यात? (तंत्रनिकेतनची विद्यार्थिनी, बीड)

उत्तर : फक्त पहिली चूक वाचा, ती दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा. कंपाइलर मजकूर वरून खाली वाचत जातो. एका ठिकाणी कंस किंवा अर्धविराम सुटला की वाक्य कोठे संपले याविषयीचा त्याचा अंदाज चुकतो, आणि त्यानंतरच्या निर्दोष ओळीही त्याला सदोष वाटू लागतात. त्यामुळे यादीतील पुष्कळशा चुका मुळात चुका नसतात. जीसीसी हा कंपाइलर वापरत असाल तर ‘-डब्ल्यूफेटल-एरर्स’ हा पर्याय द्या, म्हणजे पहिल्या चुकीपाशीच तो थांबेल. ओळीच्या क्रमांकाबाबतही थोडे सावध राहावे. सातव्या ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहून गेला, तर पुढचा शब्द हाती लागेपर्यंत कंपाइलरला ते कळत नाही, म्हणून तक्रार अनेकदा आठव्या ओळीवर दिसते. महिरपी कंस बंद करायचा राहिला असेल तर तक्रार थेट फाइलच्या शेवटच्या ओळीवर येते, आणि तेथे पाहावे तर काहीच चुकलेले नसते.

तुमच्या बाबतीत मात्र मूळ कारण बहुधा वेगळे आहे. तुम्ही पाठवलेल्या यादीत ‘स्ट्रे’ हा शब्द आणि त्यापुढे ३४२, २००, २३४ असे आकडे वारंवार आले आहेत. वर्डमध्ये तयार केलेल्या नोट्समध्ये सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार अवतरणचिन्हे आपोआप पडतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच भासतात, पण सी भाषेला फक्त सरळ चिन्हे ठाऊक आहेत. ते तीन आकडे म्हणजे त्या वळणदार चिन्हाचे तीन बाइट, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. सगळी अवतरणचिन्हे पुसून हाताने पुन्हा टंका. खरे तर आरंभीच्या काळात प्रोग्राम चिकटवूच नये, प्रत्येक ओळ स्वतः टंकावी, असे माझे मत आहे; बोटांना अर्धविरामाची सवय लागते ती त्यातूनच.

प्रश्न : लिनक्सवर वर्गमूळ काढणारे ‘एसक्यूआरटी’ हे फंक्शन मी वापरतो. कंसात ४९ लिहिले की उत्तर ७ येते. पण ४९च्या जागी वापरकर्त्याकडून घेतलेले चल ठेवले की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ अशी चूक येते. ‘मॅथ डॉट एच’ ही हेडर फाइल जोडलेली आहे. (बी.एस्सी. प्रथम वर्ष, अंबाजोगाई)

उत्तर : ही चूक लिंकरची आहे, कंपाइलरची नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हे शब्द दिसले की मजकुराचे व्याकरण ठीक असून जोडणीच्या वेळी काहीतरी सापडलेले नाही, असे समजावे. हेडर फाइल फंक्शनची केवळ ओळख करून देते. त्याचे प्रत्यक्ष काम लायब्ररीत असते आणि लिनक्सवर गणिताची लायब्ररी वेगळी जोडावी लागते. आज्ञेच्या शेवटी, फाइलच्या नावानंतर, ‘-एलएम’ लिहा. ते नावाच्या आधी लिहिल्यास अनेक ठिकाणी चूक तशीच राहते, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि लायब्ररी हाताळताना तोवर मागणी झालेल्या गोष्टीच तिच्यातून घेतो. कंसात ४९ असताना काम झाले, कारण स्थिर संख्येचे वर्गमूळ जीसीसीने कंपाइल करतानाच काढून ठेवले आणि फंक्शनला बोलावण्याची वेळच आली नाही. ‘मेन’ सापडत नाही अशी तक्रार याच टप्प्यावर येते. तेव्हा आपण फाइल सेव्ह केली होती का, हे आधी पाहावे.

प्रश्न : आमची मोंढ्यात आडत आहे. शेतकऱ्याच्या सोयाबीनची पट्टी करण्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. वजन १,७८० किलो आणि क्विंटलचा दर ४,५०० रुपये दिला, तर प्रोग्राम ७६,५०० रुपये सांगतो. वडिलांनी तोंडी हिशेब केला तो ८०,१०० आला. क्विंटल ठेवण्यासाठी मी ‘फ्लोट’ म्हणजे दशांश संख्येच्या प्रकारचेच चल घेतले आहे, तरी असे का होते? (लातूर)

उत्तर : वडिलांचा हिशेब बरोबर आहे. वजन तुम्ही ‘इंट’ म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारात घेतले आणि त्याला १००ने भागले. भाज्य आणि भाजक दोन्ही पूर्णांक असले की सी भाषा पूर्णांकी भागाकार करते आणि अपूर्णांक टाकून देते, म्हणून १७.८ऐवजी १७ आले. तो भागाकार पूर्ण झाल्यानंतर मिळालेले १७ तुमच्या ‘फ्लोट’ चलात जाऊन बसले. उत्तर कोणत्या प्रकारच्या चलात ठेवायचे आहे, याचा भागाकारावर काहीही परिणाम होत नाही, आणि नवशिक्यांना हेच पटायला जड जाते. १००च्या जागी १००.० लिहिले की भागाकार दशांशात होईल आणि ३,६०० रुपयांचा फरक नाहीसा होईल. गुणांची टक्केवारी काढताना शून्य येते, अशी तक्रार धाराशिवच्या एका विद्यार्थ्याने केली आहे. तिचे कारण हेच. ४१२ भागिले ६०० हे पूर्णांकात शून्य होते, आणि शून्याला १००ने गुणले तरी शून्यच.

पैशाच्या हिशेबासाठी मात्र मी ‘फ्लोट’ सुचवणार नाही. त्यात साधारण सात अंकांपर्यंतच भरवसा ठेवता येतो, आणि ०.१० सारखी रक्कम द्विमान पद्धतीत नेमकी मांडताच येत नाही. आडतीवर दिवसभराच्या पट्ट्या, हमाली, तोलाई यांची बेरीज करू लागलात की पैशा-दोन पैशांचा फरक पडू लागेल आणि तो कोठून आला हे शोधण्यात संध्याकाळ जाईल. सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवाव्यात, आधी गुणावे आणि भागाकार शेवटी करावा. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. आजच्या संगणकांवर ‘इंट’ची कमाल मर्यादा सामान्यतः २,१४,७४,८३,६४७ असते. किलोला पैशांतील दराने गुणले तर वरील पट्टीत गुणाकार ८० कोटी १० लाख होतो, म्हणजे मर्यादेच्या आत राहतो. परंतु वजन याच्या तिप्पट झाले की मर्यादा ओलांडली जाते आणि प्रोग्राम कोणतीही सूचना न देता भलताच आकडा छापू शकतो. म्हणून असा गुणाकार ‘लाँग लाँग’ या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात करावा.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात टर्बो सीवर प्रोग्राम लिहितो. तेच प्रोग्राम घरच्या संगणकावर जीसीसीने चालत नाहीत. ‘कॉनिओ डॉट एच’ सापडत नाही असे येते. घरीसुद्धा टर्बो सी घालावे का? (पालक, जालना)

उत्तर : माझ्या मते घालू नये. सी भाषा १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली आणि तिचे पहिले अधिकृत प्रमाण १९८९मध्ये ठरले. बोरलँड कंपनीचे टर्बो सी त्याच्याही आधीचे, १९८७मधले. पुढे त्याची जागा टर्बो सी प्लस प्लसने घेतली, पण तेही डॉस या जुन्या कार्यप्रणालीसाठीच होते. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते थेट चालतच नाही, डॉसचे सोंग आणणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या प्रणालीच्या आत चालवावे लागते. त्यावर शिकलेल्या काही गोष्टी मुळात सी भाषेच्या नाहीतच. ‘कॉनिओ डॉट एच’, पडदा पुसणारे ‘सीएलआरएससीआर’, कळ दाबेपर्यंत थांबवणारे ‘गेटसीएच’ या त्या काळच्या डॉसवरील सोयी आहेत. मुलाने घरी ती हेडर फाइल आणि ही दोन फंक्शने काढून टाकावीत, ‘व्हॉइड मेन’ऐवजी ‘इंट मेन’ लिहावे, आणि बहुतेक प्रोग्राम चालू लागतील. फाइलवर दोनदा क्लिक केल्यास खिडकी क्षणात बंद होते म्हणून ‘गेटसीएच’ची सवय लागलेली असते, त्याऐवजी कमांड प्रॉम्प्ट उघडून तेथून प्रोग्राम चालवावा.

टर्बो सीमध्ये ‘इंट’ केवळ सोळा बिटांचा असतो आणि ३२,७६७च्या पलीकडे जात नाही, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे. वरच्या पत्रातील पट्टी तेथे १,७८० गुणिले ४,५०० भागिले १०० अशी मांडली, तर उत्तर १४६ रुपये येईल, आणि दोष आपलाच समजून विद्यार्थी आपले सूत्र तपासत बसेल. प्रात्यक्षिक परीक्षा टर्बो सीवर होत असेल, तर परीक्षेपुरते तसे लिहायला हरकत नाही. मात्र तेथे ‘फॉर’च्या कंसातच चल जाहीर करता येत नाही, सगळी चले खंडाच्या आरंभी जाहीर करावी लागतात. ती मोकळीक सी भाषेत १९९९च्या प्रमाणाने आली. जुनी प्रणाली बदलणे संस्थांच्या हाती आहे आणि त्यांनी ती बदलायला हवी, हे येथे स्पष्टपणे नोंदवतो.

प्रश्न : प्रोग्राम आधी हजेरी क्रमांक विचारतो आणि नंतर ‘आणखी नोंद करायची का, वाय की एन?’ असे विचारतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टंकायची संधीच मिळत नाही, प्रोग्राम पुढे निघून जातो. (नांदेड)

उत्तर : तुम्ही क्रमांक टंकला आणि एंटर दाबले. ‘स्कॅनएफ’ने ‘टक्का-डी’साठी केवळ अंक उचलले, एंटरची खूण तशीच मागे राहिली. पुढच्या ‘स्कॅनएफ’मध्ये ‘टक्का-सी’ आहे, त्याला कोणतेही एक अक्षर चालते, आणि त्याने मागे राहिलेली ती खूणच तुमचे उत्तर म्हणून घेतली. अवतरणचिन्हांच्या आत, ‘टक्का-सी’च्या आधी एक मोकळी जागा सोडा, ती मोकळी जागा म्हणजे मधल्या सगळ्या रिकाम्या खुणा वगळण्याची सूचना असते.

आता फेऱ्यात फक्त क्रमांकच विचारणाऱ्या प्रोग्राममध्ये कोणी क्रमांकाच्या जागी अक्षर टंकले, तर काय होईल ते करून पाहा. अंक न मिळाल्यामुळे ‘स्कॅनएफ’ ते अक्षर तेथेच ठेवतो, फेरा पुन्हा फिरतो, पुन्हा तेच अक्षर समोर येते, आणि प्रोग्राम थांबायचे नाव घेत नाही. ‘स्कॅनएफ’ किती मूल्ये यशस्वीपणे वाचली याची संख्या परत देतो, ती तपासण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. त्याहून बरा मार्ग म्हणजे ‘एफगेट्स’ने पूर्ण ओळ वाचावी आणि मग ‘एसस्कॅनएफ’ने तिच्यातून क्रमांक काढावा. जुन्या पुस्तकांत यासाठी ‘गेट्स’ सुचवलेले आढळते. त्याला जागेची मर्यादा सांगताच येत नसल्यामुळे २०११च्या प्रमाणातून ते काढून टाकण्यात आले आहे. कोणी शिकवले तरी वापरू नये.

प्रश्न : माझ्याकडे संगणक नाही. मोबाइलवर टर्मक्स हे अ‍ॅप घेऊन त्यात क्लँग हा कंपाइलर घातला. प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होतो, पण चालवताना ‘परमिशन डिनाइड’ येते. (मुखेड तालुका, नांदेड)

उत्तर : तुम्ही फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवली असणार. अँड्रॉइड त्या सामाईक साठ्यातील कोणतीही फाइल चालवू देत नाही, आणि परवानगी देण्याच्या नेहमीच्या आज्ञेचाही तेथे उपयोग होत नाही. टर्मक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये फाइल नेऊन तेथे कंपाइल करा. एकदा क्लँग उतरवून घेतले की इंटरनेटची गरज उरत नाही. छोट्या पडद्यावर कंस जुळवणे त्रासाचे असते खरे, तरी शिकण्यासाठी ही व्यवस्था पुरेशी आहे.

प्रश्न : मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची नावे मराठीतून ठेवायची आणि पावसाच्या आकड्यांसह छापायची आहेत. प्रत्येक नावाला वीस अक्षरांची जागा दिली आणि ‘एसटीआरसीपीवाय’ने नावे भरली. छापताना मात्र ‘धाराशि’, मग एक चौकोन आणि त्याला चिकटून ‘लातूर’ असे येते. पहिले नाव तर ‘छत्रपत’पाशीच तुटते आणि पुढे ‘जालना’ लागते. बीड आणि परभणी व्यवस्थित येतात. (परभणी)

उत्तर : या वेळच्या टपालातील हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. सी भाषेतील ‘कॅर’ म्हणजे एक बाइट. मराठी अक्षर एका बाइटात मावत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे येथे केवळ व्यंजन नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील लपलेले हलन्तचिन्ह यांची प्रत्येकाची वेगळी मोजणी होते. परभणी या नावात प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. मजकूर संपल्याचे सांगणाऱ्या शेवटच्या शून्यखुणेसह सोळा. बीडला दहाच पुरतात. नांदेड एकोणीस बाइटांत जेमतेम बसते. धाराशिव आणि हिंगोली यांत मात्र सात-सात चिन्हे आहेत. त्यांना प्रत्येकी बावीस बाइट लागतात. छत्रपती संभाजीनगरला मधल्या मोकळ्या जागेसह पन्नास.

धाराशिवचे दोन बाइट त्यामुळे पुढच्या ओळीत, म्हणजे लातूरसाठी राखलेल्या जागेत सांडले. त्यानंतर तुम्ही लातूर भरले आणि ते सांडलेले दोन बाइट पुसले गेले. त्यांत धाराशिवची शून्यखूणही होती. छापणाऱ्या फंक्शनला शून्यखूण दिसेपर्यंत छापत राहायचे एवढेच माहीत असते. त्याने ‘धाराशि’ छापले, ‘व’चे पहिले दोन बाइट अर्धवट सापडल्यामुळे पडद्यावर चौकोन उमटला, आणि पुढे लातूरची शून्यखूण येईपर्यंत तो थांबला नाही. पहिल्या नावाचे झाले तेही असेच. हिंगोली यादीत शेवटी असल्यामुळे तिचे दोन बाइट सगळ्या नावांसाठी राखलेल्या सलग जागेच्या, म्हणजे अ‍ॅरेच्याच बाहेर गेले आहेत. तेथे काय होते आणि काय बिघडले ते आज दिसणार नाही. प्रोग्राममध्ये आणखी चार ओळी घातल्यावर कदाचित दिसेल, आणि तेव्हा संशय त्या नव्या ओळींवर जाईल.

अशा चुका कंपाइलर प्रत्येक वेळी पकडत नाही, म्हणून शिकत असताना ‘-डब्ल्यूऑल’, ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’, ‘-जी’ आणि ‘-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस’ हे चार पर्याय लिनक्सवर नेहमी द्यावेत. शेवटच्या पर्यायामुळे प्रोग्राम मर्यादेबाहेर लिहिताक्षणी थांबतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो. तुमच्या प्रोग्राममध्ये तो हिंगोलीला पकडेल. धाराशिवला पकडणार नाही, कारण लातूरची जागा त्याच अ‍ॅरेतील असल्यामुळे त्याच्या दृष्टीने ती तुमच्याच मालकीची आहे.

दुरुस्ती सोपी आहे. नावे बदलायची नसतील तर ती कॉपी करूच नका. स्थिर मजकुराकडे निर्देश करणाऱ्या पॉइंटरांचा अ‍ॅरे घ्या, म्हणजे लांबी मोजण्याची गरजच पडणार नाही. नावे वापरकर्त्याकडून घ्यायची असतील तर प्रत्येकी ६४ बाइट ठेवा आणि ‘एफगेट्स’ला ती मर्यादा सांगा. फेरा शून्यापासून सुरू करून आठपेक्षा लहान असेपर्यंतच चालवा. ‘लहान किंवा समान’ लिहिले तर तो अस्तित्वात नसलेल्या नवव्या जिल्ह्याकडे जाईल. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसली, तर आधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा द्या. रकाने सरळ रेषेत येत नाहीत, अशी तुमची दुसरी तक्रार आहे. ‘प्रिंटएफ’मधील रुंदीही बाइटांतच मोजली जाते, आणि मात्रा-अनुस्वार पडद्यावर वेगळी जागा घेत नाहीत, त्यामुळे तेथे कितीही आकडे बदलले तरी रकाने जुळणार नाहीत. पावसाचे आकडे आधी आणि जिल्ह्याचे नाव ओळीच्या शेवटी छापा.